परमिट रूमचं छत उघडलं तेव्हा

२ ऑक्टोबर, ड्राय डे. बारचं ऑडिट करायला याहून सोयीचा दिवस मिळत नाही. गिऱ्हाईक नाही, भटारखाना थंड, टेबलं भिंतीला लावून ठेवलेली. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे ज्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा, इमारती तपासणं हे माझं रोजचं काम. पण ही इमारत रोजची नव्हती. गिरगावातल्या माझ्या शाळेच्या वाटेवर, चौकाच्या कोपऱ्यावर ती उभी आहे. लहानपणी तिथे आलं की आई माझा हात घट्ट धरून पलीकडच्या फुटपाथवर न्यायची. काळ्या काचा आणि दार उघडलं की येणारा गार, आंबूस वास, एवढंच मला माहीत होतं. त्या दारातून आत पाऊल टाकताना छातीत धडधडत होतं.

तक्रार पहिल्या मजल्यावरच्या आजींची होती. न्हाणीघराची लादी खचतेय, बादली ठेवली की कलते. खालून बघायचं तर बारचं फॉल्स सीलिंग काढायला हवं होतं. बारचे मालक अण्णा, मूळचे उडुपीकडचे. ते काकुळतीला आले. "मॅडम, दिवाळी तोंडावर आहे. पीओपी काढलं तर पुन्हा करायला दहा दिवस जातील." शेवटी दोनच पट्टे उघडायचे ठरले.

पीओपीच्या वर जुनं प्लायचं सीलिंग निघालं. तेही काढल्यावर खरं छत दिसलं. लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरांच्या मधे विटांच्या उथळ कमानी, ज्याला आम्ही जॅक आर्च म्हणतो. एका गर्डरवरचा चुना मी तारेच्या ब्रशने घासला. गंजाखालून उठावाची अक्षरं वर आली, 'डॉर्मन लाँग'. इंग्लंडातल्या मिडल्सब्रोच्या कारखान्यातून बोटीने मुंबईला आलेलं लोखंड. इमारत 'अ' वर्गातली, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, हे कागदावर होतंच. पण अक्षरावरून बोट फिरवताना ते वेगळंच कळतं.

वेटरमामा माझ्यामागे टॉर्च धरून उभे होते. कोवळ्या वयात ते इथे लागले, तेव्हाचे काही जुने नोकर त्यांना भेटले होते. "मॅडम, हे इराण्याचं हॉटेल होतं," ते म्हणाले आणि बाजूच्या भिंतीवरचं एक प्लायचं पॅनल त्यांनी स्वतःच उचकटलं. मागे भलामोठा आरसा होता. पारा जागोजागी उडालेला, पण काठावर रंगवलेली वेलबुट्टी शाबूत. मामांनी खांद्यावरचा नॅपकिन काढला आणि टेबल पुसावं तसा सवयीच्या हाताने आरसा पुसायला लागले.

कोपऱ्यावरची दुकानं इराण्यांनी का घेतली, याची आपल्याकडे नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की इतर व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत. कारण काही असो, दोन रस्त्यांवर दार उघडणारी ती हॉटेलं म्हणजे मुंबईच्या गिरणीकामगारांची, कारकुनांची हक्काची बैठक होती. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. परवाना असेल त्यालाच दारू, तीही प्रकृतीच्या कारणासाठी. वसंतराव नाईकांच्या काळात हे धोरण सैल झालं आणि 'परमिट रूम' हा शब्द पाट्यांवर चढला. इराणी हॉटेलं चहा-ब्रूनमस्क्यावर चालेनाशी झाली, तशी कित्येकांनी बिअर ठेवली, कित्येक विकली गेली.

या सगळ्याची खूण मला जमिनीवर दिसली. जुन्या रंगीत लाद्यांमधून साडेचार इंच रुंदीचा सिमेंटचा पट्टा हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. तिथे एकेकाळी भिंत होती. एका बाजूला खाणारे, दुसऱ्या बाजूला परमिटवाले. मी पट्ट्यावर उभी राहिले, मान वर केली आणि घशाला कोरड पडली. गर्डर बरोबर माझ्या डोक्यावर होता.

पार्टिशनची भिंत भार घेण्यासाठी बांधत नाहीत. पण वर न्हाणीघर गळत राहिलं, गर्डरचं टोक गंजून पातळ झालं, गर्डर हळूहळू खाली वाकला आणि त्या भिंतीवर टेकला. कोणाच्या ध्यानीमनी नसताना तिने वर्षानुवर्षं आजींचं घर तोलून धरलं. मग एसी हॉल करायचा म्हणून आधीच्या चालकाने ती पाडली. दोरी ताणून मोजलं, मधोमध ३८ मिलिमीटर झोल. गंजलेल्या टोकावर हातोडी मारली तर खणखण आवाज येण्याऐवजी पापुद्रे गळाले.

मी मुकादमाला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता टेकू आण." आजींना न्हाणीघर वापरू नका म्हणून निरोप पाठवला. अण्णा मिनिटभर गप्प राहिले. मग स्वतःच म्हणाले, "दिवाळी जाऊ द्या. खाली माझी पोरं काम करतात." मी फार मालक पाहिलेत. असं पटकन बोलणारे फार थोडे.

संध्याकाळी आजी जिना उतरून आल्या. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा यजमान खालून ब्रूनमस्का कागदात बांधून आणायचे. बार झाल्यापासून त्यांनी या दारात पाय ठेवला नव्हता. मामांनी चहा केला. आजींनी तो बशीत ओतला आणि छताकडे बघत राहिल्या. मी अहवालात सी-२ए लिहिणार होते, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत तेवढा भाग रिकामा. लेकीकडे राहायला जावं लागेल, हे मी त्यांना समोर बसून सांगितलं.

"परत येईन ना गं मी?"

"याल आजी. गर्डरला नवं टोक जोडू, खाली पक्का खांब देऊ. पट्टा आहे ना, तिथेच."

त्यांनी मान डोलावली. मग आरशाकडे बोट दाखवून अण्णांना म्हणाल्या, "हा पुन्हा झाकू नका हो."

"नाही झाकणार, आजी."

साडेसातला शेवटचा टेकू कसला. मामा अजून आरसा पुसत होते.