वर्ग आला की मायनसची बाजूही बघा

अकरावी सायन्सला गेलेली आमच्या गावातली पोरं संध्याकाळी माझ्याकडे गणिताला बसतात. यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं गाव. वर्गसमीकरण त्यांना दहावीपासून छान येतं: अवयव पाडले, दोन मुळं आली, पेन खाली. असमानता, म्हणजे 'बरोबर'च्या जागी 'पेक्षा मोठं' किंवा 'पेक्षा लहान' असं चिन्ह, आली की मात्र गाडी अडते.

परवा क्ष² > ९ दिलं. बहुतेकांनी क्ष > ३ लिहून वही पुढे केली. मी म्हटलं, मायनस पाच घालून बघा. "ताई, पंचवीस आले. मंग मायनस पाच काहून सुटलं?" हा प्रश्न मला उत्तरापेक्षा मोलाचा वाटतो. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच 'बीजगणिता'त सांगून ठेवलंय, की धन आणि ऋण दोन्हींचा वर्ग धनच येतो आणि धन संख्येची मुळं दोन, एक धन, एक ऋण. म्हणून उत्तर क्ष > ३ किंवा क्ष < −३. चिन्ह उलटं, म्हणजे क्ष² < ९ असतं, तर −३ आणि ३ च्या मधलं सगळं.

दुसरी खोड भागाकाराची. क्ष² > ५क्ष दिसलं की क्षनं भागून क्ष > ५ मोकळे! पण −१ घाला: १ > −५, खरंच आहे. ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं, आणि क्ष धन की ऋण हे तर आपल्याला अजून माहीतच नाही. त्यामुळे भागू नका, सगळं एका बाजूला घ्या: क्ष(क्ष − ५) > ०. उत्तर क्ष < ० किंवा क्ष > ५.

मग मी वावरातलं गणित दिलं, कारण रोही (नीलगाई) आणि रानडुकरं पिकात घुसतात हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. मिरची-वांग्याच्या आयताकृती तुकड्याला चारही बाजूंनी जाळी लावायची. जाळी ४० मीटर, जागा किमान ९६ चौरस मीटर हवी. एक बाजू क्ष, दुसरी २० − क्ष. क्ष(२० − क्ष) ≥ ९६, म्हणजे क्ष² − २०क्ष + ९६ ≤ ०, म्हणजे (क्ष − ८)(क्ष − १२) ≤ ०.

आता संख्यारेषा काढायची, ८ आणि १२ वर खुणा. तीन भाग पडतात, प्रत्येकातला एकेक आकडा घालून बघायचा. ५ घातले तर २१, १० घातले तर −४, १५ घातले तर पुन्हा २१. आपल्याला शून्य किंवा ऋण हवं, म्हणून बाजू ८ ते १२ मीटर, दोन्ही टोकं धरून. नुसतं "८ आणि १२" लिहिणाऱ्याच्या हातून दहाचा चौरस निसटतो, आणि सगळ्यात जास्त जागा, १०० चौरस मीटर, त्यातच मिळते.

एकानं विचारलं, १०१ हवे असतील तर? तेव्हा (क्ष − १०)² + १ ≤ ० येतं. वर्ग शून्याखाली जात नाही, वर एक मिळवलेला, म्हणजे असा क्ष नाहीच. "उत्तर नाही" लिहायला पोरं घाबरतात, चुकलं असं वाटून खोडतात. खोडू नका. कारण लिहा आणि खाली ठळक लिहा: एकही किंमत नाही.