जुळी कालवड

पहाटे साडेपाचला फोन वाजला. "मॅडम, दोन झाली, पण शेळी अजून कळा देतीया." धाराशिव जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना अशा फोनचं नवल राहत नाही. उस्मानाबादी शेळीचा हा मुलूख. इथे शेळी जुळी देणार हे धरूनच माणसं चालतात, तिळी झाली तर चार घरांत बातमी जाते. चार करडं मात्र माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत मी दोनदाच पाहिली होती.

पोचले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये मावशी बॅटरी धरून बसल्या होत्या. पोत्यावर दोन करडं, एक बोकड आणि एक पाठ, म्हणजे मादी. तिसऱ्याचा पुढचा एक पाय गुडघ्यात मुडपून मागे राहिला होता, म्हणून शेळी अडली होती. हात धुऊन, तेल लावून आत घातला. करडाचं डोकं जरा मागे सारलं, खूर तळहातात झाकून घेतला आणि पाय सरळ केला. खूर झाकायचा विसरला तर गर्भाशय फाटायला वेळ लागत नाही. तिसरं आलं, बोकड. जार, म्हणजे वार, पडायची वाट बघण्याआधी पुन्हा हात घातला, तर बोटांना आणखी एक नाक लागलं.

ताणकाट्याला फडक्याची झोळी बांधून वजनं केली. पहिली तिघं दोन किलोच्या आसपास. चौथी, पाठ, 1 किलो 100 ग्रॅम. मावशींनी चौघांच्या कपाळाला हळद लावली. "लक्ष्मी आली दारात," म्हणाल्या. मी शेळीची कास चाचपत होते. सड दोन, तोंडं चार.

डुकरीण आठ-दहा, कधी बारा पिल्लं देते, पण तिला सडही बारा-चौदा असतात आणि पहिल्या दोन-चार दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवून घेतं. कुत्रीला आठ-दहा सड. नदीतली रोहू लाखांनी अंडी सोडते आणि मागे वळून बघतही नाही. त्या लाखांतून थोडी जगली तरी तिचं चालतं. शेळीला तसं चालत नाही. 150 दिवस पोटात वागवलेलं एकेक करडू तिला चाटून, हुंगून ओळखावं लागतं, आणि जे आधी उठतं तेच सडाला लागतं. उशिरा उठणारं उपाशी मरतं, बहुधा पहिल्या दोन दिवसांत. म्हणून मी हाताने चीक काढला आणि लहानीला बाटलीने 50 मिली पाजला. दर तीन-चार तासांनी असाच पाजायचा, हे मावशींकडून दोनदा वदवून घेतलं. आतडं चिकातली रोगाशी लढायची ताकद पहिल्या दिवसातच शोषून घेतं, नंतर ती वाट बंद होते.

निघताना वाटेत अण्णांनी हात केला. त्यांची संकरित होल्स्टीन गाय नऊ दिवसांपूर्वी व्यायली होती, जुळं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. तेव्हा मी रजेवर होते. जार दीड दिवसाने पडला होता आणि आता गाय पेंड खात नव्हती. तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. दोन वासरांनी शेवटच्या दोन महिन्यांत तिला आतून रिकामं केलं होतं, वर दुधाचा ताण. शिरेतून ग्लुकोज चढवायला घेतलं.

बाटली संपेपर्यंत अण्णा बोलत होते. त्यांनी गावात पेढे वाटले होते. कालवड आईसारखी निघणार, तिलाच वाढवायची. चारा कमी, म्हणून दावणीची दीड वर्षाची मोठी कालवड उद्या व्यापाऱ्याला द्यायची ठरली होती. सौदा झाला होता, फक्त पैसे यायचे होते.

माझा हात सलाइनच्या नळीवर थांबला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका घरी मी जुळ्या कालवडीला जंताचं औषध दिलं होतं, कौतुक केलं होतं आणि निघून आले होते. जन्माची चौकशी केलीच नाही. त्या माणसाने तिला तीन वर्षं पोसलं. माजावर येईना म्हणून परत बोलावलं, तेव्हा कुठे मी विचारलं, हिच्यासोबत गोऱ्हा होता का? त्यांच्या घरातल्या बाईंनी काही न बोलता चहा पुढे केला होता. तो चहा मला अजून आठवतो.

गाईच्या पोटात दोन गर्भ राहिले की त्यांचे जार पहिल्या दीड-दोन महिन्यांतच एकमेकांना चिकटतात आणि रक्तवाहिन्या जोडल्या जातात. भावाचं रक्त बहिणीत, बहिणीचं भावात. गोऱ्ह्याची वृषणं आधी तयार होतात. त्यांच्यातला स्राव बहिणीच्या गर्भाशयाची वाढ जागेवर थांबवतो. गोऱ्ह्यासोबत जन्मलेल्या 100 कालवडींत 90 हून जास्त वांझ निघतात. याच जुळ्या वासरांच्या रक्तात एकमेकांच्या पेशी सापडतात, हे 1945 मध्ये शास्त्रज्ञ रे ओवेन यांनी दाखवलं. पुढे पीटर मेडावर यांनी अशा वासरांची कातडी एकमेकांवर लावून बघितली. शरीर परकं कसं ओळखतं या कामासाठी त्यांना बर्नेट यांच्यासोबत 1960 चं नोबेल मिळालं. माणसाच्या अवयवरोपणाचा अभ्यास गोठ्यातल्या अशा वासरांपाशीही येऊन पोचतो, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण अण्णांना नोबेलचं काय. मी कालवड धरायला सांगितली. योनीच्या टोकाशी केसांचा लांब झुबका होता, दाणाही मोठा. गोल तोंडाची बारीक नळी तेल लावून हलकेच सरकवली. या वयाच्या चांगल्या कालवडीत ती 12-15 सेंटीमीटर जाते. इथे 6 वर अडली. थोडं थांबून कोन बदलला. पुन्हा 6.

"अण्णा, मोठीला विकू नका."

मी सगळं सांगितलं. खात्री हवी तर रक्त तपासू, पण उद्याचा सौदा थांबवा. ते बराच वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. मग विचारलं, "गाईची काय चूक झाली का, मॅडम?" कुणाचीच नाही, म्हटलं. गाईचं अंग एका वासरासाठी घडलंय, दुसरं राहिलं की तिथे गर्दी होते.

बातमी आमच्याआधी गल्लीत पोचली असावी. मावशी पदर खोचून धावतच आल्या. "माझ्या बी दोन पाठी बोकडांसंगं झाल्यात. त्या वांझ निघतील व्हय?"

नाही मावशी, म्हटलं, आणि हे सांगताना मला किती हलकं वाटलं. शेळीच्या पोटात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या सहसा जोडल्या जात नाहीत. प्रत्येक करडू आपल्या जारावर वाढतं. तसं नसतं तर जुळी देणाऱ्या या जातीत पाठी उरल्याच नसत्या. शेळ्यांत नर-मादी दोन्ही खुणांचं करडू जन्मतं ते बहुधा दुसऱ्याच कारणाने, बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळीला दाखवला की. म्हणून बोकड शिंगाचा ठेवा, एवढं मी त्या गल्लीत सगळ्यांना सांगून घेतलं.

मावशींचा जीव भांड्यात पडला, पण काळजी होतीच. शेळीला चौघांपुरतं दूध नव्हतं. उद्यापासून गाईचं दूध कोमट करून बाटलीने चालेल, मी म्हटलं.

अण्णा काही न बोलता आत गेले आणि चरवी घेऊन आले. "रोज सकाळी पोराला पाठवा," मावशींना म्हणाले. "लहानीचं बघा आधी."

संध्याकाळी परत फेरी केली. लहानी उभी राहत होती, मागचे पाय थरथरत होते. अण्णांच्या दावणीला मोठी कालवड होती तिथेच होती, कडबा खात. व्यापाऱ्याला त्यांनी दुपारीच फोन केला होता.