मुदतवाढीची वाट बघणं सोडलं तेव्हा

सांगलीत विश्रामबागला एका सीएंच्या ऑफिसात मी अकाउंटंट आहे. आता जुनी झाल्यामुळे बाकीच्यांना काम वाटून द्यायचं कामही माझ्याकडेच असतं. आमचे क्लायंट म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाणावाले, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखानदार आणि काही पतसंस्था. काम अवघड नाही, जीव खातात त्या तारखा. सप्टेंबरच घ्या. ७ तारखेला कापून ठेवलेला कर म्हणजे टीडीएस, ११ ला विक्रीचं जीएसटी विवरण म्हणजे जीएसटीआर-१, १५ ला अॅडव्हान्स टॅक्स, २० ला जीएसटी भरायचा ३बी आणि ३० ला टॅक्स ऑडिटचा अहवाल. २०२३ साली गणेश चतुर्थी नेमकी १९ सप्टेंबरला आली. घरात आरती चाललेली आणि आमची मंडळी गॅलरीत उभी राहून क्लायंटकडे ओटीपी मागतायत, असा तो सण गेला.

त्याच महिन्यात आमच्याकडची सगळ्यात तरबेज मुलगी बदलली. एरवी बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट हिशेबाशी जुळवताना, दहा रुपयांचा फरक राहिला तरी ती डबा उघडायची नाही. तीच आता म्हणायला लागली, "टाका सस्पेन्सला, कोण बघतंय?" (सस्पेन्स म्हणजे न जुळणारी रक्कम तात्पुरती टाकायचं खातं.) क्लायंटचा फोन आला की मोबाइल पालथा ठेवायची. एकदा मला म्हणाली, "ताई, मला हे काम येतच नाही बहुतेक." सात वर्षं हेच काम चोख करणारी मुलगी!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद घेतली, ती आजार म्हणून नाही, तर कामावरचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था म्हणून. त्याच्या तीन खुणा सांगितल्यात. अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. हे वाचलं तेव्हा तिन्ही खुणा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या होत्या. याच संघटनेचा आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अभ्यास तर सांगतो की, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. सप्टेंबरात आमचे तास कुठे जायचे ते सांगायला नकोच.

मी सरांशी बोलले. सर माणूस चांगला. त्यांनी लगेच दंडोबाच्या डोंगरावर सहल काढली, भडंग आणि भेळ झाली, फोटो झाले. सोमवारी टेबलावर तेच गठ्ठे. ये रे माझ्या मागल्या! मला सहलीचं वावडं नाही, पण एक दिवस डोंगरावर नेलं म्हणून टेबलावरचा गठ्ठा कमी होत नाही.

मग मी एक साधी वही घातली. प्रत्येकाने संध्याकाळी निघताना दिवस कशात गेला ते दोन ओळींत लिहायचं, बस. पहिले काही दिवस कुरकुर झाली, पण महिनाअखेर वही वाचताना सगळेच गप्प झाले. ऑडिटचं खरं काम, म्हणजे व्हाउचर तपासणं, ३सीडी या ऑडिटच्या फॉर्मचे तक्ते भरणं, यात निम्मासुद्धा वेळ जात नव्हता. बाकी सगळा वेळ "स्टेटमेंट पाठवा", "खरेदीची बिलं राहिलीत", "पिशवीत नव्हती हो ती फाइल" यातच. त्यात उशिरा आलेलं एक बिल सापडलं की केलेला ताळेबंद पुन्हा उघडायचा. दमवत होतं ते हे. एकच काम तीनदा करायचं आणि तेही दुसऱ्याच्या मर्जीने. दुसरी गोष्ट त्याहून टोचणारी होती. सगळ्या किचकट फाइली त्या एकाच मुलीकडे होत्या. कारण ती करते. जो करतो त्याच्याच गळ्यात, ही आपल्याकडची जुनी रीत.

क्लायंट कागद का देत नाहीत, त्याचंही उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मुदतवाढ मिळेल म्हणून. २०२२ साली तर खुद्द ३० सप्टेंबरलाच ऑडिटच्या अहवालाला ७ ऑक्टोबरपर्यंतची मुदतवाढ जाहीर झाली होती. तेव्हा "मॅडम, वाढतीय तारीख, कशाला घाई करताय?" हे ठरलेलं वाक्य.

एप्रिलमध्ये मी सरांसमोर कागद ठेवला. ज्यांचं ऑडिट आहे त्या क्लायंटनी ३१ जुलैपर्यंत सगळं आणून द्यायचं. त्यानंतर येईल तो रांगेत मागे आणि फी जास्त. सर म्हणाले, "क्लायंट जातील." मी म्हटलं, हळद आणि बेदाणा दोन्हींचा जोर उन्हाळ्यात असतो, पाऊस लागला की हीच माणसं दुकानात चहा पीत बसलेली असतात. जूनमध्ये मागितलं तर मिळेल. सर आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एके दिवशी स्वतःच पत्राचा मसुदा दुरुस्त करून दिला आणि फी वाढवायचं वाक्य जरा मऊ केलं.

पत्र गेल्यावर यार्डातले एक जुने शेठ थेट ऑफिसात आले. "अवो, बापाच्या वेळेपासून आमी सप्टेंबरातच देतोय!" त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि त्यांच्याच दिवाणजींना फोन लावून कुठले कागद तयार आहेत ते विचारलं. बरेचसे तयारच होते! कोणी मागितलेच नव्हते.

फाइलींची वाटणी आम्ही संख्येवर न करता व्हाउचर किती यावर केली. दोघं नाराज झाले, होणारच. संध्याकाळी सातनंतर ऑफिसचा एकच फोन चालू आणि तो पाळीपाळीने एकाकडे. बाकीच्यांना क्लायंटने मेसेज टाकला तरी उत्तर सकाळी द्यायचं. सुरुवातीला मलाच हात आवरायला लागायचा. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडे शिकाऊ असलेल्या मुलांची परीक्षेची रजा आधीच तक्त्यावर लिहून टाकली, म्हणजे ऐनवेळी कुरबुर नको. त्या मुलीला मी १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबरही दिला होता. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तिने फोन केला की नाही ते मी विचारलं नाही, तो तिचा प्रश्न.

२०२४ मध्ये २९ सप्टेंबरला, म्हणजे शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, पुन्हा ७ ऑक्टोबरची मुदतवाढ आली. तोवर आमची बहुतेक ऑडिट अपलोड झाली होती. राहिलेली होती ती अगदी ठरलेल्या माणसांची, त्यांच्यापुढे ब्रह्मदेवानेही हात टेकावेत. मोजके क्लायंट दुसरीकडे गेले, त्यातल्या एकाचं तर मला मनापासून बरं वाटलं. ती मुलगी अजून आमच्याकडे आहे. मात्र पूर्वीइतकी उशिरापर्यंत थांबत नाही, आणि थांबू नयेच.

सरांचं काही जमलेलं नाही. रात्री साडेदहाला ग्रुपवर त्यांचे मेसेज येतात, खाली "उद्या बघा" असं लिहिलेलं असतं. यंदा पतसंस्थांकडे वळायचंय. त्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर असतात, आणि संचालकांकडे जूनमध्ये कागद मागणं हे काही माझ्या आवाक्यातलं नाही. तिथे सरांनाच पाठवणार आहे.