चढण, मुक्काम, उतरण: इलेक्ट्रिक कुकरची सोळा आठवड्यांची वही

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घरात आला त्याला आज सोळा आठवडे झाले. पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे: काय शिजवलं, पाणी किती घातलं, वेळ किती लागला, काय बिघडलं. कुकर सहा लिटरचा. आत स्टीलचं भांडं, झाकणाला सिलिकॉनची रिंग, वर वाफ सोडायचा व्हॉल्व्ह आणि त्याच्या शेजारी दाब आला की वर उचलली जाणारी बारीकशी पिन. घरात चार माणसं, स्वयंपाक रोजचा आणि साधा. तुमच्यापैकी कुणी नुकताच कुकर घेतला असेल, तर माझ्या या नोंदींमुळे त्यांचं पहिल्या महिन्यातलं धान्य तरी वाया जाऊ नये असं वाटतं.

पहिले दोन आठवडे

भातापासून सुरुवात केली, कारण भात बिघडला की लगेच कळतं. पहिले तीन दिवस गिचका झाला. गॅसवरच्या सवयीने मी वाटीला दोन वाट्या पाणी घालत होते. उघड्या पातेल्यातून पाणी वाफ होऊन जात राहतं. शिट्टीच्या कुकरमधूनही दर शिट्टीला थोडं जातंच. इथे पिन वर आली की जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. दाब पुरेसा झाला की खालची कॉइल बंद होते, उतरायला लागला की पुन्हा चालू होते. घातलेलं सगळं पाणी तांदळातच मुरतं. चौथ्या दिवशी धुऊन निथळलेल्या दोन वाट्या तांदळाला दोनच वाट्या पाणी घातलं, आणि दाणा न् दाणा सुटा झाला.

पाणी जमलं, तरी वेळ जमेना. पडद्यावर ४ मिनिटं लावली होती. एकदा घड्याळ घेऊन शेजारी उभी राहिले. पिन वर यायला ९ मिनिटं गेली, मग पडद्यावरची ४, आणि पिन आपोआप खाली पडायला आणखी १० मिनिटं. एकूण २३. या तेवीसही मिनिटांत तांदूळ गरम पाण्यात होता, म्हणजे शिजतच होता. दुसऱ्या दिवशी तांदूळ दुप्पट घेतला तर पिन यायलाच १३ मिनिटं लागली. पडद्यावरचा आकडा तोच, भात मात्र वेगळा.

त्या दिवसापासून वहीत वेळेचा एक रकाना जाऊन तीन आले. त्यांना मी चढण, मुक्काम आणि उतरण म्हणते. चढण म्हणजे बटण दाबल्यापासून पिन वर येईपर्यंत. मुक्काम म्हणजे पडद्यावरची मिनिटं. उतरण म्हणजे वेळ संपल्यावर दाब पडेपर्यंत, मग तो आपला आपण पडू द्या नाहीतर व्हॉल्व्ह उघडून पाडा. पाककृती लिहिणारी मंडळी बहुतेक वेळा मधलाच आकडा देतात. माझ्या वहीत बिघडलेल्या जवळपास सगळ्या पदार्थांचं कारण पहिल्या किंवा तिसऱ्या रकान्यात सापडतं.

तापमानाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. आपल्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ७० ते ८० किलोपास्कल जास्त दाब येतो, त्यामुळे आतलं पाणी ११५ ते ११७ अंशांपर्यंत जातं. गॅसवरचा पूर्ण दाबाचा कुकर १२१ अंशांच्या आसपास पोहोचतो. म्हणून गॅसच्या कुकरसाठी लिहिलेली वेळ इथे थोडी वाढवावी लागते. उंचावर राहत असाल तर आणखी वाढवा. ६०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला पाच टक्के, हा सर्रास वापरला जाणारा हिशेब आहे.

चौथ्या आठवड्यापासून: कडधान्यं

इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि आनंदही इथेच जास्त मिळाला.

आठ तास भिजवलेला राजमा, १२ मिनिटं मुक्काम. पहिल्यांदा घाईत होते, म्हणून वेळ संपताच व्हॉल्व्ह उघडला. वाफेबरोबर पांढरट, फेसाळ पाणी उसळून ओट्यावर आलं. झाकण उघडलं तर निम्म्या दाण्यांची सालं सुटून गुंडाळल्यासारखी तरंगत होती, काही दाणे फुटून पीठ झाले होते आणि काहींना आत अजून कणी होती. दोन दिवसांनी त्याच पिशवीतला राजमा, तेवढंच पाणी, तीच १२ मिनिटं, पण या वेळी व्हॉल्व्हला हात लावला नाही. २१ मिनिटांनी पिन पडली. एक दाणा दोन बोटांत धरून दाबला. साल न फाटता तो लोण्यासारखा दबला.

कारण साधं आहे. दाणा आतून ११५ अंशांवर असतो. दाब एकदम काढला की भांड्यातलं आणि दाण्याच्या पोटातलं पाणी एकाच वेळी खळखळून उकळतं आणि आतून साल फाडतं. दाब हळूहळू उतरला तर पाणी शांत राहतं, शिवाय ती वीस मिनिटं मधल्या कणीच्याही कामी येतात. कडधान्यांना उतरण ही शिजण्याचीच वेळ धरा.

कडधान्यांच्या आणखी काही नोंदी. भिजवताना लिटरभर पाण्यात साधारण १५ ग्रॅम मीठ घातलं तर साल मऊ होते आणि कमी फाटते. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची थोडी जागा घेतं, म्हणून. मिठाने कडधान्य शिजत नाही असं मीही ऐकत आले होते, पण माझ्या वहीतल्या सहा खेपांत एकदाही तसं झालं नाही. टोमॅटोसारखं आंबट मात्र आधी घालू नका. आंबटपणाने दाणा खरोखरच टणक राहतो. जड पाण्यानेही तेच होतं. आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेलं धान्य कितीही शिजवलं तरी कणी सोडत नाही, त्याचा दोष कुकरला देऊ नये. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही, कारण फेस वर येऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतो. चमचाभर तेल घातलं की फेस कमी होतो.

राजम्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कुकरमध्ये मंद आचेवर तासन् तास शिजवायचाही मोड असतो. कच्चा राजमा त्या मोडवर कधीही शिजवू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा पदार्थ असतो, त्याने काही तासांत जोरदार उलट्या होतात. खळखळून उकळल्यावर किंवा दाबाखाली शिजल्यावर तो निकामी होतो. मंद मोडला तेवढं तापमान मिळेलच असं नाही, आणि ८० अंशांच्या आसपास अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. भिजवलेलं पाणी फेका, ताजं पाणी घाला आणि दाबाखालीच शिजवा.

काबुली चण्याला भिजवून १५ मिनिटं आणि पूर्ण उतरण. मसूर डाळीला ८ मिनिटं आणि उतरण १० मिनिटं. ती गरगरीत शिजते, घोटावीही लागत नाही.

सहावा आठवडा: बुडाला लागलं

कांदा-लसूण परतून त्यावर घट्ट टोमॅटोचा रस घातला, ढवळलं, झाकण लावलं. सात मिनिटांनी पडद्यावर करपत असल्याची सूचना आली आणि कुकर थांबला. पिन वर आलीच नव्हती. उघडून पाहिलं तर कांद्याचा तपकिरी थर बुडाला चिकटला होता आणि घट्ट रस त्याच्यावर लिंपल्यासारखा बसला होता. वाफ व्हायला पातळ पाणी लागतं. घट्ट रसात पाणी असलं तरी ते मोकळं फिरत नाही, त्यामुळे बूड तापत जातं आणि खालच्या सेन्सरला ते लगेच कळतं.

आता मी असं करते. परतून झालं की कुकर बंद करते, अर्धी वाटी पाणी ओतते आणि लाकडी उलथण्याने बूड खरवडते. भांडं तिरकं करून पाहते. पाण्याखाली स्टील सगळीकडे चकचकीत दिसलं पाहिजे. त्या तपकिरी थरातच चव असते, ती पाण्यात उतरते, वाया जात नाही. मग उरलेलं पाणी, भाज्या, आणि सगळ्यात शेवटी टोमॅटो वर नुसता ओतायचा, ढवळायचा नाही. सहा लिटरच्या भांड्यात एकूण पातळ पदार्थ २५० मिलीलिटरपेक्षा कमी नको. दूध, साय, कॉर्नफ्लोअर हे सगळं कुकर उघडल्यावर घालायचं. त्यानंतरच्या दहा आठवड्यांत ती सूचना पुन्हा दिसलेली नाही.

सातवा ते अकरावा आठवडा

हाडासकट चिकनच्या मांड्या: १० मिनिटं मुक्काम, १० मिनिटं उतरण, मग व्हॉल्व्ह. मांस हाडावरून सुटतं पण धागे कोरडे होत नाहीत. छातीचं मांस मी तीनदा करून पाहिलं आणि सोडून दिलं. त्याला एवढं तापमान सोसत नाही. ते तव्यावरच चांगलं होतं असं माझं मत झालं आहे.

उरलेल्या हाडांचं सूप मात्र या यंत्राचं खरं काम. दोन तासांत एवढं सत्त्व उतरतं की फ्रीजमध्ये ठेवल्यावर सूप थरथरतं. हाडं मऊ करण्यावरूनच तर या भांड्याची सुरुवात झाली. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं वाफेचं बंद भांडं ठेवलं, ते कठीण हाडं शिजवण्यासाठीच. भांडं फुटू नये म्हणून वाफ सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह बसवायची कल्पनाही त्याचीच.

अंडी जाळीवर ठेवून वाफेवर: ५ मिनिटं मुक्काम, ५ उतरण, ५ गार पाण्यात. साल दोन तुकड्यांत निघते. सुरुवातीलाच जोराची उष्णता लागल्याने पांढरं पटकन आकसतं आणि आतल्या पापुद्र्याला चिकटत नाही.

भाज्यांनी माझ्या तीन रकान्यांची खातरजमा केली. ब्रोकोली आणि फ्लॉवर मी मुक्काम ० मिनिटं लावून करते. शून्य. पिन वर आली की लगेच व्हॉल्व्ह उघडायचा. सगळं शिजणं चढणीतच होतं आणि देठ कुरकुरीत राहतो. १ मिनिट लावलं तर फुलं गळून पडतात, मी करून पाहिलं आहे. बटाट्याच्या मोठ्या फोडींना ४ मिनिटं पुरतात.

दह्याचा मोड माझ्या कुकरमध्ये आहे. दूध ८२ अंशांपर्यंत तापवायचं, ४३ पर्यंत निववायचं, विरजण लावून आठ तास. पहिल्याच खेपेला जमलं, त्यामुळे जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

रिंग. सिलिकॉनमध्ये वास मुरतो आणि कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाही. लसणाच्या भाजीनंतर केलेल्या खिरीला तो वास आला, तेव्हा दुसरी रिंग आणली. आता एक तिखटाची, एक गोडाची. रोज रिंग काढून धुवा, वाळू द्या, आणि झाकण लावण्यापूर्वी बोट फिरवून ती सगळीकडून नीट बसली आहे ना ते बघा. माझ्या वहीत ज्या तीन वेळा पिन वर आली नाही असं लिहिलं आहे, त्यांपैकी दोन वेळा रिंग एका बाजूने निसटली होती.

बारावा आठवडा ते आज

सध्या एकावर एक शिजवायच्या मागे आहे. खाली मसूर, वर जाळीवर स्टीलच्या डब्यात तांदूळ. तळाची डाळ पाण्यात थेट बसते आणि लवकर तापते. डब्यातल्या तांदळापर्यंत उष्णता वाफेतून आणि डब्याच्या भिंतीतून जाते, म्हणून त्याला जास्त वेळ लागतो. नुसता भात ४ मिनिटांत होतो, तोच डब्यात ८ मिनिटांनी बोटचेपा झाला. मसुरालाही ८ लागतात, त्यामुळे ही जोडी चटकन जुळली. डबा उथळ आणि पसरट घेतला तेव्हा भात सगळीकडे सारखा शिजला. उंच डब्यात मधे कणी राहत होती. डब्यावर झाकण ठेवलं नाही तर वरून ठिबकणारं पाणी भातात पडतं, तेव्हा ताटली ठेवावी. एका बटणात जेवण होतं आणि त्या वेळात मी कोशिंबीर करून घेते.

पुढची जोडी अवघड आहे. खाली भिजवलेले काबुली चणे, वर ब्राऊन राइस. चण्यांना १५ मिनिटं, ब्राऊन राइसला थेट भांड्यात २२, आणि डब्यात त्याहून जास्त. मुक्काम २६ लावला तर चण्यांचं पीठ होईल. म्हणून तांदूळ आधी दोन तास भिजवायचा आणि चणे मात्र न भिजवता घ्यायचे, असं आधी ठरवलं होतं. न भिजवलेल्या चण्यांना ४० मिनिटं लागतात, म्हणजे आता उलट बाजूने तांदूळच जास्त शिजायची भीती. मधला मार्ग म्हणून चणे तीनच तास भिजवून मुक्काम २४ आणि पूर्ण उतरण, असा पहिला प्रयोग आहे. चणे दुपारी एकला भिजत घातले आहेत. चारला कुकर लावते. तिन्ही आकडे रात्री वहीत चढतील. तुमच्यापैकी कुणी ही जोडी जमवली असेल तर चढण आणि उतरण दोन्ही मोजून सांगा, नुसता पडद्यावरचा आकडा नको.