केस कापून टाका, प्रश्न मिटला

मंगळवार, रात्र

सकाळी ऐकलेलं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कुणाला सांगायला गेलं तर म्हणतील, यात एवढं काय. दुपारी नंदाला फोनवर सांगितलं, तर ती अगदी हेच म्हणाली. म्हणून इथे लिहायला बसले. मला इतकं का लागलं, ते माझं मलाच कळायला हवंय.

झालं एवढंच. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळताना शेवटच्या फेरीला माझ्या वेणीचं रबर निसटलं. रात्रभर भुरभुर चालू होती, माती लाल आणि निसरडी, त्यात ते रबर कुठं गेलं ते दिसलंच नाही. केस सुटले. डोळ्यांवर, तोंडात, घामानं मानेला चिकटलेले. थांबावं लागलं. आम्हाला पळायला शिकवणारे सर लांबूनच म्हणाले, "मॅडम, केस कापून टाका हो, प्रश्नच मिटला!" रागानं नाही, हसून म्हणाले. मनात काही नसताना म्हणाले. आणि परत खाली वाकले.

खाली वाकले, कारण त्या कॉलेजच्या पोराच्या बुटाची लेस ते बांधून देत होते. पळताना त्याची टाच मागून उचलली जात होती आणि तिथं फोड आला होता. सरांनी ओल्या गवतात गुडघा टेकला. बुटाचं सगळ्यात वरचं भोक, जे आपण कुणी वापरतच नाही, ते त्याला दाखवलं. लेस त्यातून आत घेऊन बाजूला छोटा फासा कसा ठेवायचा, दुसऱ्या बाजूची लेस त्यातून कशी ओवायची, मग खाली ओढून घोट्याशी कशी आवळायची. दोन्ही बूट बांधून दाखवले, परत सोडले आणि त्याच्याकडून करून घेतले. "बोटांना मुंग्या आल्या तर सैल कर," असंही सांगितलं.

टोचलं ते हे. संध्याकाळी भांडी घासताना उमगलं. लेस सुटते तर बांधायला शिकवतात, आणि केस सुटतात तर कापा म्हणतात.

मी काही पहिल्यांदा ऐकलं असंही नाही. जिममध्ये ऐकलंय, योगाच्या वर्गात ऐकलंय, डॉक्टरांच्या बाईंनीही एकदा सहज म्हटलंय. श्वास कसा घ्यायचा, पाऊल कसं टाकायचं, पाणी किती आणि कधी प्यायचं, सगळं सगळे सांगतात. कमरेपर्यंतचे केस घेऊन पळायचं कसं, हे आजवर एकानंही सांगितलं नाही. शिकवण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणाला वाटतच नाही बहुतेक.

आणि आहे हो. खूप आहे. मी काय काय करून बघितलं ते मलाच माहीत. नुसता पोनीटेल बांधला तर तो पाठीवर फटके मारतो आणि थोड्या वेळानं त्याच्या वजनानंच रबर खाली सरकतं. उंच बांधला तर सरकत नाही, पण घरी येईपर्यंत डोकं ठणकायला लागतं. अंबाडा घातला तर दुसऱ्या फेरीला मानेवर येऊन बसतो. क्लचर लावून पळता येतं, पण पोटाचे व्यायाम करायला उताणं झोपलं की तो डोक्यात रुततो. किराणा मालाच्या पुडीचं पिवळं रबर धरून ठेवतं खरं, पण सोडताना केसांचा पुंजका घेऊनच निघतं. टोपी घातली तर वेणी मागच्या फटीतून बाहेर, म्हणजे आहे तिथंच. घट्ट, अजून घट्ट बांधत गेलं तर कपाळाच्या कडेचे केस विरळ व्हायला लागतात. रोज एकाच जागी ताण बसत राहिला आणि वर्षानुवर्षं बसत राहिला, तर मुळंच जातात आणि तिथं परत उगवत नाही. मावशीच्या कानशिलांकडे बघते तेव्हा हे आठवतं.

त्यात हा आपला पावसाळा. सकाळी धुतलेले केस संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत. ओला केस ताणला तर लांबतो, कोरड्यापेक्षा बराच जास्त, आणि मग पटकन तुटतो. ओले केस आवळून बांधून पळणं म्हणजे ते हातानं तोडण्यासारखंच आहे.

एक प्रश्न मला फार दिवस पडला होता. मी सरळ पळते, डोकं फक्त वर-खाली होतं, मग वेणी डावी-उजवीकडे का मारते? भाचीनं शोधून दिलं. जोसेफ केलर म्हणून एक मोठे गणिती होते, स्टॅनफर्ड विद्यापीठातले. त्यांनी २०१० साली नेमका याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिलाय. पळणाऱ्या बाईचा पोनीटेल आडवा का झुलतो, यावर. पावलागणिक डोकं वर-खाली होत असतं, आणि ठरावीक लयीत ते झालं की सरळ लोंबणं टिकतच नाही. जरासा झोल बाजूला गेला की प्रत्येक पावलाला तो वाढत जातो. २०१२ मध्ये त्यांना याबद्दल इग नोबेल मिळालं, पोनीटेलचा आकार कसा ठरतो हे मांडणाऱ्या तिघा संशोधकांबरोबर. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. मला हसू आलं नाही. मला भरून आलं. इतक्या मोठ्या माणसाला ही गोष्ट कागद-पेन घेऊन बसण्याएवढी महत्त्वाची वाटली, आणि इथं आमच्या मैदानावर तिला एका वाक्यात निकालात काढतात.

भाची ज्युदो खेळते. आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे ज्युदोसारख्याच एका कुस्तीप्रकारात, कांस्य मिळवलं, तेव्हापासून आमच्या घरात ते वेड शिरलंय. भाचीनंच सांगितलं, ज्युदोत केसांचा रीतसर नियम आहे. लांब केस समोरच्या खेळाडूला अडचण होणार नाहीत असे बांधायचे, आणि बांधायचं ते रबराच्या किंवा तसल्याच मऊ पट्ट्यानं, त्यात कडक किंवा धातूचा भाग असता कामा नये. कसं बांधायचं ते नियमात आहे. कापा, असं कुठं नाही.

कापण्याला माझा विरोध नाही, हेही लिहून ठेवते. शेजारच्या वहिनींनी मे महिन्यात खांद्यापर्यंत कापले, इतक्या मोकळ्या दिसतात की बघून बरं वाटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटनं रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरले. ते वाचून मी रडले होते. पण तिच्यासमोर काटा होता. माझ्यासमोर कसला काटा आहे? मला कुठलं पदक आणायचंय? डॉक्टरांनी सांगितलं हे एक, आणि मार्चनंतर सकाळी घरात बसवत नव्हतं हे दुसरं, म्हणून मी पळते. त्यासाठी माझ्यातलं काहीतरी कमी करून या, असं मला का सांगावं?

केस वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माझ्या वेणीचं टोक पाच वर्षांपूर्वीचं आहे. पाच वर्षांपूर्वी या घरात... जाऊ दे. ते आज नको.

जेवण झाल्यावर आईला फोन लावला. तिला सगळं सांगितलं नाही, फक्त विचारलं, तू मागावर कापड विणायचीस तेव्हा केसांचं काय करायचीस? तिचे केस तेव्हा गुडघ्याला लागायचे. आणि आई बोलायला लागली ती थांबेचना.

लग्न होऊन वडगावात आली, सुताच्या कांड्या भरता भरता मागावर उभी राहिली. पहिल्या दिवशी शेजारच्या मागावरच्या आक्कांनी तिला काय शिकवलं? मला वाटलं, तुटलेल्या धाग्याची गाठ. नाही. आधी केस. "ये हिकडं, बस," म्हणाल्या आणि तिची वेणी सोडून परत घातली. बाजूला पट्टा फिरतोय, धोटा धावतोय, तिथं मोकळी बट चालायची नाही. धाग्याची गाठ त्यांनी दुसऱ्या दिवशी शिकवली. त्या आक्कांनी तिला कापा म्हटलं नाही. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकीला लांब केस होते आणि प्रत्येकीला काम करायचं होतं.

मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि आई सांगेल तसं करत गेले. मधोमध भांग, दोन भाग. वेणी कपाळाकडून ओढायची नाही, कानामागून मानेलगत सुरू करायची. अर्ध्यावर आली की जुन्या साडीच्या काठाची पट्टी एका पेडाबरोबर आत घ्यायची आणि टोकापर्यंत गुंफत न्यायची. मग डावी वेणी मानेवरून उजव्या कानामागे, उजवी डावीकडे, दोन्ही टोकं एकमेकींच्या मुळाखाली सारायची आणि पट्ट्यांची गाठ. आकडा नाही, पिन नाही. पिन ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांवर, पडली की धागे तुटायचे आणि मजुरी कापली जायची.

मी जागच्या जागी उड्या मारून बघितल्या. हललं नाही. उताणी झोपले, काही टोचलं नाही. केसांचं वजन दोन्हीकडे वाटलं गेलं. लोंबतं असं काही राहिलंच नाही, मग झुलणार काय? आणि पट्टी वरून आवळलेली नसून आत गुंफलेली, त्यामुळे सरकायला जागा नाही. शाळेत आमच्या लाल रिबिनी याच तऱ्हेनं वेणीत घालून वर दुमडलेल्या असायच्या. खो-खोत कितीदा आपटलो, खांबाला वळसे घातले, त्या सुटल्याचं आठवत नाही. कॉलेजात गेल्यावर सगळ्याच मुलींच्या रिबिनी गेल्या आणि त्याबरोबर हेही गेलं.

सरांचा राग आता तेवढा राहिला नाही. त्यांचे केस पहिल्यापासून बारीक कापलेले, लष्करी वळणाचे. त्यांना लेस कुणीतरी शिकवली असणार, तशीच गुडघा टेकून. केस कुणी शिकवणार होतं? ज्यांना येतं त्या मागावर होत्या, त्यांना मैदानावर कुणी बोलावलं नाही. त्याही आल्या नाहीत. मला सरांकडून हवं होतं ते त्यांच्याकडे नव्हतंच. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण सकाळसारखं नाही.

एक गोष्ट मात्र राहते. सकाळी सर ते वाक्य म्हणाले तेव्हा माझ्यामागं ती खानापूरकडची मुलगी उभी होती, पोलीस भरतीची तयारी करते ती. तिचे केस माझ्याहून लांब. मी रबर शोधत होते तेव्हा तिनं स्वतःच्या मनगटावरचं काढून दिलं आणि हळूच विचारलं, "अक्का, खरेनं कट माडस्तीरेनु?" म्हणजे, खरंच कापून घेणार का? मी नाही म्हणून मान हलवली. ती काही बोलली नाही, पण तिचा हात आपल्या वेणीवर होता. रविवारी ती कापायला जाणार आहे, हे मला घरी आल्यावर नंदाकडून कळलं. तिला कापायचे असतील तर जरूर कापावेत. पण बांधायची ही तऱ्हा बघून मग ठरवावं. लांब केस घेऊन पळता येत नाही असं समजून जाऊ नये.

तिला मेसेज केलाय, उद्या पंधरा मिनिटं लवकर ये, गेटजवळच्या बाकावर बसू. लगेच अंगठा आला. जुन्या सुती साडीचा काठ फाडून चार पट्ट्या करून ठेवल्यात, दोन तिच्या, दोन माझ्या. शेवटचं ते टोकं सारायचं मला अजून नीट जमत नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर तर नाहीच. म्हणून आईला म्हटलं, उद्या सकाळी व्हिडिओ कॉल लावते, तू बघून सांग. आई हो म्हणाली आणि लगेच विचारलं, पोरगी सकाळी न्हाऊन यायची नाही ना? नुकते धुतलेले केस निसटतात, पेड धरत नाहीत. आजच्या रात्री चार थेंब तेल चोळून झोपू दे. "आत्ताच कळव तिला," म्हणाली, "उद्या नुसती वेणीच घाल म्हणावं, न्हाणं परवा."