पहिला तास 1969 च्या कागदावर का?

तंत्रनिकेतनात नेटवर्किंग शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न दर वर्षी येतो. मुलं विचारतात, सहकारी विचारतात, एकदा एका मुलीच्या वडिलांनीही विचारला: अभ्यासक्रम पुरा करताना नाकी नऊ येतात, मग अख्खा पहिला तास 1969 च्या जुन्या कागदांवर का घालवता? परीक्षेत त्याला एक मार्कही नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

शिकवण्याआधी मी एका कारखान्यात नोकरीला होते. तिथे पगाराचं काम एका कंपनीच्या यंत्रणेवर चालायचं, स्टोअरचं दुसऱ्या कंपनीच्या. दोन्ही उत्तम, पण प्रत्येकीची नेटवर्कची भाषा खासगी, तिच्या मालकालाच ठाऊक. इकडची माहिती तिकडे न्यायची म्हणजे आधी छापून काढायची आणि मग दुसऱ्या कीबोर्डसमोर बसून पुन्हा टाइप करायची. दोन्ही टेबलांत जेमतेम दहा फुटांचं अंतर होतं. एका मार्चअखेरीला मी आणि एक मैत्रीण पंधरा दिवस तेच करत होतो. मानक नसलं की काय होतं, ते मला माझ्या बोटांनी शिकवलंय.

आता 1969 कडे येते. अर्पानेटवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या अमेरिकेतल्या पूर्वजावर, आधी चार ठिकाणं जोडायची होती: लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा इथली कॅलिफोर्निया विद्यापीठं, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट आणि युटा विद्यापीठ. चार ठिकाणी चार जातींचे संगणक. त्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे ठरवायला बसले ते बहुतेक विद्यार्थीच. आपल्याला हा अधिकार कुणी दिला, ही धाकधूक त्यांना होती. त्यांच्यातला स्टीव्ह क्रॉकर मित्रांकडे उतरला होता. झोपलेल्यांना त्रास नको म्हणून त्याने रात्री बाथरूममध्ये बसून टिपण लिहिलं. 7 एप्रिल 1969 ची ती आरएफसी 1. आरएफसी म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’; नावाचा अर्थ एवढाच, की तुमचं म्हणणं कळवा. आपल्याकडच्या सरकारी जाहिरातीत ‘हरकती व सूचना’ मागवतात ना, तसं. फक्त इथे त्या खरोखर हव्या होत्या.

मी वर्गात जास्त वेळ देते तो आरएफसी 3 ला. टिपणं कशी लिहावीत, हे त्यात सांगितलंय. घोटून परिपूर्ण करत बसू नका, वेळेवर पाठवा. लेखी आलं म्हणजे ते अंतिम, असं कुणी मानू नये. आणि टिपणाची किमान लांबी: एक वाक्य. ही टिपणं पोस्टाने जायची, कारण ज्या नेटवर्कसाठी ती लिहिली जात होती, ते अजून जन्मायचं होतं.

व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकी संशोधकांनी 1974 मध्ये वेगवेगळी नेटवर्कं जोडण्याची रीत मांडली. तिच्यातून टीसीपी-आयपी ही संगणकांची सामाईक भाषा घडली आणि 1 जानेवारी 1983 ला अर्पानेटने जुनी भाषा सोडून ती घेतली. पण तिचाच विजय होईल, हे तेव्हा मुळीच ठरलेलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं सात थरांचं ओएसआय हे प्रतिस्पर्धी मानक समोर उभं होतं, त्याच्यामागे सरकारं होती. आपल्याकडे 1986 मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कनेही बरीच वर्षं दोन्ही चालवली. ओएसआयची कागदपत्रं विकत घ्यावी लागत. आरएफसी कुणीही फुकट वाचावी, घरी बसून प्रोग्राम लिहावा, चुकली तर कळवावं. माझ्या मते निकाल तिथेच लागला. सात थर मात्र आम्ही आजही पाठ करून घेतो. ते परीक्षेला असतात.

अर्पानेटचं पहिलं यंत्र लॉस एंजेलिसला त्याच विद्यापीठात जपून ठेवलंय, लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. काढावेतच. पण ते यंत्र केव्हाच बंद पडलं. सप्टेंबर 1981 मधली आरएफसी 791, म्हणजे टीसीपी-आयपीतल्या आयपीची, पत्ता लिहिण्याच्या नियमांची, चौथी आवृत्ती, अजून राबते आहे. तुमच्या आजच्या कितीतरी निरोपांवर तिने सांगितलेल्या पद्धतीने पत्ता लिहिला गेला असेल. करार काचेच्या कपाटात ठेवता येत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. मला ही मोठी चूक वाटते. यंत्रं बदलली तरी चाललं, कारण लोकांनी आपसात दिलेला शब्द टिकला.

आणि तो शब्द कुणीतरी सांभाळला. जॉन पोस्टेल यांनी 1998 मध्ये मृत्यू येईपर्यंत ही टिपणं संपादित केली, कुठला क्रमांक कशासाठी याची नोंद ठेवली. ते गेल्यावर सर्फ यांनी लिहिलेली श्रद्धांजलीसुद्धा आरएफसी म्हणूनच निघाली, क्रमांक 2468. ती वाचताना माझा आवाज दर वर्षी अडखळतो.

तासाच्या शेवटी मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या देते. आपल्या लॅबमध्ये काय बदलावं, ते लिहा. किमान लांबी एक वाक्य. यंदा मागच्या बाकावरून एक चिठ्ठी आली: “केबलींवर नंबर टाकू या का?” दुसऱ्या दिवशी आम्ही ते ठरवायला बसलो.