माझा अनुभव: दूध कमी पडत होतं, पण बाळाला पिताना कुणी बघितलंच नाही

बाळ आता सात महिन्यांचं आहे, पण त्या नऊ दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला घेतलंय. थोडं विस्कळीत होईल, सांभाळून घ्या.

सिझेरियन झालं, दूध चौथ्या दिवशी उतरलं, तोवर चीक पाजत होते, तिथपर्यंत सगळं ठीक. बाराव्या दिवशी वजन करायला गेलो. जन्माचं वजन 3 किलो 50 ग्रॅम, आणि काट्यावर आलं 2 किलो 810. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण दहा-चौदा दिवसांत परत जन्माच्या वजनावर यायला हवं, आणि आमचं तर खालीच. टेबलापलीकडून फाईलमधून डोकं वर न काढता सांगण्यात आलं, "दूध कमी आहे, प्रत्येक फीडनंतर 60 मिली वरचं द्या, आणि स्तनपान सल्लागारांची वेळ घ्या." दोन मिनिटांत बाहेर. वेळ मिळाली नऊ दिवसांनंतरची.

वरचं द्यायला सांगितलं ते चूक होतं असं मी म्हणत नाहीये. बाळाचं वजन घसरत होतं, पोट भरणं आधी, बाकी सगळं नंतर. माझी तक्रार वेगळीच आहे. दूध मागणीवर बनतं. स्तन जितके वेळा रिकामे होतील तितकं पुढचं तयार होतं, आणि दूध आत साचून राहिलं की शरीर समजतं, पुरे झालं, आता कमी करा. मग मी 60 मिली बाटलीतून देतेय, बाळ तृप्त होऊन चार-चार तास झोपतंय, मी पण बिचारी झोपतेय, आणि तेवढे तास अंगावर कोणी ओढत नाहीये. "बाटली दिलीत की पंप करा", म्हणजे पंपाने दूध काढा, एवढं एकच वाक्य त्या दिवशी कुणी बोललं असतं ना! नाही बोललं. आठवड्याभरात माझं होतं तेवढंही आटलं आणि मी रडत बसले की मलाच पान्हा नाही.

मधे एकदा फोन केला की वेळ अलीकडे मिळेल का, तर आधी फॉर्म भरा म्हणाले. त्यात एक रकाना: आईचं दूध / वरचं दूध, एकावरच खूण करा. मी दोन्ही देतेय हो! विचारलं तर म्हणे "जे जास्त आहे ते लिहा." मला काय माहीत जास्त कुठलं, अंगावरच्या दुधाला काय माप लावलेलं असतं? शेवटी वरचं लिहिलं, आणि ते लिहिताना जे वाटलं ते वजनाच्या आकड्यानेही वाटलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी गेलो. तासभर बाहेर बसून बाळ भुकेने लाल, मी घामाघूम. आत गेल्यावर सल्लागार ताईंनी फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "पाजा, मी बघते." एकवीस दिवसांत हे म्हणणारी पहिली बाई! आधी त्याच कपड्यांत, त्याच डायपरवर वजन: 3 किलो 102. चाळीस मिनिटं पाजलं. परत वजन: 3 किलो 120. चाळीस मिनिटांत अठरा ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार चमचे. ताईंनी मला बाळाचा गाल दाखवला, प्रत्येक ओढीला खळी पडत होती आणि टक्‌टक् आवाज येत होता. मला ती खळी गोड वाटायची, फोटो पण आहेत! ती पकड सुटल्याची खूण असते म्हणे. सुटल्यावर स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं. बाळ नुसतं टोक चोखत होतं. मग त्यांनी बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, नाक स्तनाग्रासमोर आणलं, तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायला लावलं आणि मग पटकन जवळ घेतलं, हनुवटी आधी टेकली. आणि मला गिळण्याचा आवाज ऐकू आला. पहिल्यांदाच. पुढच्या वेळी वजन केलं तर 44 ग्रॅम.

पुढचं सगळं मेहनतीचं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं, ओढ मंदावली की हाताने स्तन हलके दाबणं, मग दुसरी बाजू, मग वरचं, मग पंप. रात्रीचं एक फीड चुकवायचं नाही, दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. दिवसातून एकदा तासभर असं: 20 मिनिटं पंप, 10 थांबा, 10 पंप, 10 थांबा, 10 पंप. पहिले तीन-चार दिवस काहीच फरक दिसत नाही, तेव्हाच सोडून द्यावंसं वाटतं. पंपाच्या बाटलीत किती जमतंय ते बघत बसू नका, मी तिच्यावर मोजा चढवायचे. पंपात किती आलं यावरून दूध किती आहे ते ठरत नाही, बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. आणि पंपाचं फनेल मापाचं घ्या, माझं मोठं होतं, दुखायचं आणि दूधही कमी यायचं.

अरे हो, हे आधी सांगायला हवं होतं: खरंच कमी आहे का ते आधी बघा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त डायपर ओले होत असतील आणि वजन नीट वाढत असेल, तर संध्याकाळी बाळ तासन्‌तास अंगावरून हटत नाही याचा अर्थ दूध नाही असा होत नाही. स्तन मऊ लागणं हीसुद्धा खूण नाही. आणि पकड सुधारूनही वाढत नसेल तर थायरॉईड, पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाचा त्रास), बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव, बाळाची जीभ खाली चिकटलेली असणं, हे डॉक्टरांना विचारा. दूध वाढायच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

वरचं मी एकदम बंद केलं नाही. दर आठवड्याला वजन बघून 60 चं 45, मग 30, मग एकेक फीड. दहाव्या आठवड्यात रात्रीची एकच बाटली उरली आणि ती आजही आहे, नवरा देतो, मी झोपते.

गेल्या महिन्यात परत तोच फॉर्म पुढे आला. मी दोन्हीवर खूण केली. समोरची बाई म्हणाली, "मॅडम, एकच." मी म्हटलं, "दोन्ही," आणि पेन परत दिलं.